कुकरच्या झाकणापायी परळीपर्यंत

मी बीड जिल्ह्यात म्हातारी माणसं मोजायला गेले होते, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "किती भरली?" किती भरली हे नव्हे, केवढी आहेत हे मोजायचं होतं. खांद्यापासून कोपरापर्यंत केवढी, मूठ मिटली की केवढी, हात वर नेला तर फळीपर्यंत पोचतो की नाही, आणि पोचलाच तर डबा खाली काढण्याइतका जोर त्यात उरतो की नाही.

नव्वदीचं दशक उतरणीला लागलं होतं. पुण्यात मी ज्या कारखान्यात वस्तूंचे आराखडे करायची, तिथे प्रेशर कुकर बनत. बाजार खुला झाल्यापासून दुकानांत बाहेरची चकचकीत भांडी दिसू लागली होती आणि आमचे साहेब धास्तावले होते. गॅसची शेगडी तालुक्याच्या गावांपर्यंत गेली होती, तिच्यावर आपला कुकर चढला पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्याच सुमारास कारखान्यानं परदेशातून एक महागडी संगणकप्रणाली आणली. तिच्यात पडद्यावर एक माणूस उभा राही. हवा तर पुरुष, हवी तर बाई. तिच्या हातात आपला कुकर द्यायचा, झाकण फिरवायला लावायचं, आणि तिचं मनगट किती वळलं, खांद्यावर किती भार आला ते संगणकानं सांगायचं. प्रत्यक्षात कुकर बनवण्याआधीच सगळं कळणार.

ही प्रणाली राजेंद्र चालवत असे. माझ्यापेक्षा बराच लहान, शांत स्वभावाचा, लग्न होऊन दोनेक वर्षं झालेला. गावाकडे शेगडी बहुधा म्हातारीच्याच ताब्यात असते, म्हणून साहेबांनी त्याला विचारलं, "म्हातारी बाई आहे का रे हिच्यात?" राजेंद्रनं पडद्यावरच्या तरुण बाईची उंची थोडी उतरवली, पाठीला पोक आणलं, हातातला जोर कमी केला. झाली म्हातारी. साहेब खूश. मला मात्र ती काही केल्या म्हातारी वाटेना. ती वाकवलेली तरुणी होती, तीही कुठल्या दूरच्या देशातली. खरी म्हातारी माणसं मोजून आणू या, म्हणून मी हट्ट धरला. "कुठे जायचं?" साहेबांनी विचारलं. राजेंद्र म्हणाला, "आमच्या जिल्ह्यात चला, मॅडम. मी परळीचा."

संक्रांत होऊन गेली होती. उंची मोजायचा घडीचा दांडा, जाडी मोजायचा मोठा चिमटा, मुठीचा जोर दाखवणारं घड्याळासारखं यंत्र, एक कॅमेरा आणि आमचा नवा कुकर, एवढं सामान घेऊन आम्ही एसटीत बसलो.

बीड

बीडला कोर्टाच्या आवारात म्हाताऱ्या माणसांची कमी नव्हती. तारखेसाठी आलेली, झाडाखाली टेकलेली, वेळच वेळ असलेली माणसं. पण मी दांडा उघडला आणि गडबड झाली. एक वृद्ध गृहस्थ उठून दूर जाऊन बसले. दुसऱ्यानं विचारलं, "कोन्या पार्टीकडून आलात?" समोरच्या पक्षकारानंच आम्हाला पाठवलं असावं, अशी कुजबुज झाली. मग एक वकील आले, त्यांनी हसू दाबत सांगितलं, "बाई, इथं मोजमाप म्हटलं की लोकांना बांध आठवतो. दुसरीकडं जा."

आम्ही गेलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात सुशीला खाल्ली. पुण्यात हे नाव घेतलं तर लोक एखाद्या बाईबद्दल बोलताय असं समजतील. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकतात, वर डाळ्याचं पीठ आणि लिंबू. मी दुसरी बशी मागवली, तेव्हा राजेंद्रच्या चेहऱ्यावर यजमानाचा आनंद पसरला. "आईच्या हातची खाऊन बघा," तो म्हणाला.

चकलांबा

गेवराई तालुक्यातलं हे गाव. राजेंद्रच्या वडिलांचं परळीत किराण्याचं दुकान होतं, त्यासाठी ते इथून धान्य नेत, तेव्हापासूनची इथली ओळख. इथेही दांडा बघून "मोजणीवाले आले" अशी हाक गेलीच, पण राजेंद्रनं वडिलांचं नाव सांगितलं आणि चहा आला.

गावाबाहेर ज्वारीच्या रानात मेंढरं बसवलेली होती. तिथे म्हाळूबाबा भेटले. जन्मभर मेंढरांमागे चाललेले. डोक्याला लाल फेटा, मिशा पांढऱ्या, पोटऱ्या मात्र दगडासारख्या. त्यांनी माझ्या चिमट्याकडे बघून विचारलं, "कावून मोजायलेत मला? बाजारात नेता काय?"

मी सांगितलं, संगणकात एक माणूस आहे, त्याला तुमच्यासारखा करायचाय.

"त्येचं वय काय?"

"त्याला वय नसतं, बाबा."

"मंग बरं हाय त्येचं," ते म्हणाले आणि ऐसपैस उकिडवे बसले. बसल्या बसल्याच त्यांनी हुरडा भाजला, चोळला, आम्हाला वाढला, एका चुकार कोकराला हाकललं, तंबाखू मळली. तासभर तरी ते उठले नाहीत. राजेंद्र त्यांच्या गुडघ्यांकडे टक लावून बघत होता. "मॅडम, आपल्या पडद्यावरच्या माणसाला मी एकदा असं बसवलं होतं. तो मागच्या मागे पडला." आम्ही दोघंही खूप हसलो. बाबांना कारण कळलं नाही, पण तेही हसले आणि हुरड्याची आणखी एक मूठ माझ्या हातावर ठेवली. आमच्याकडे पुण्यात हुरडा खायला गाडी करून जातात, पैसे देतात, फोटो काढतात. इथे न मागता हातावर येत होता, सोबत तिखटजाळ शेंगाचटणी.

गावातली पाच-सहा म्हातारी माणसं मोजून झाली. त्यांनी मला हाताला धरून ओढा ओलांडून दिला, कारण माझ्या चपला घसरत होत्या.

परळीच्या वाटेवर

परळीच्या गाडीत राजेंद्रनं मला घरची गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी त्याचे वडील गेले. थोरले काका त्याआधीच गेले होते. दुकान भाड्यानं दिलं होतं. माडीवरच्या दोन खोल्यांत आता दोघी जावा राहत होत्या. त्याची आई आणि मोठीआई, म्हणजे काकू.

"आईला पुण्याला न्यायचं ठरवलंय," तो म्हणाला. "मोठीआईची लेक उदगीरला शिक्षिका आहे, मोठीआई तिकडे जाईल. दोघींना सांगून झालंय. दोघीही हो म्हणाल्या. या वेळी आईला बरोबरच नेतो."

"आणि त्यांना चालणार आहे?"

"न चालायला काय? मॅडम, आईची बोटं वाकडी झालीत सांधेदुखीनं, आणि मोठीआईला दिसत नाही नीट. एक दिवस गॅस उघडा राहायचा आणि..." खिडकीबाहेर ऊसगाड्या जात होत्या. मला त्याचं म्हणणं पटलं. माझी आई पुण्यातच, माझ्या भावाकडे होती, आणि ती तिथे आहे म्हणून मला झोप लागत होती.

परळी

परळीत पहाटे गच्चीवर गेलात तर आधी झाडू ऐकू येतो. औष्णिक केंद्राची राख गच्चीवर पातळ थर धरते. घरोघरच्या बायका ती झाडतात आणि मग वाळवण घालतात. दुपारपर्यंत पुन्हा थर. कुणी कुरकुर करत नाही. आमच्याकडे धूळ झाडतात तशी इकडे राख झाडतात.

राजेंद्रच्या आईचं नाव महानंदाबाई. बारीक अंगाच्या, डोळ्यांत चमक, हाताची बोटं मात्र आल्याच्या गाठींसारखी फुगलेली आणि वळलेली. मोठीआई शिवकांताबाई. अंगानं दणकट, हात सुतारासारखे, डोळ्यांवर धुकं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तरी चेहरे ओळखताना त्या मान तिरकी करत. आत पाऊल टाकताच दोघी एकदम म्हणाल्या, "शरणार्थ!" हा लिंगायतांचा नमस्कार. आणि लगेच एकमेकींवर करवादल्या, कारण पाण्याचा तांब्या कुणी आणायचा होता ते ठरलेलं नव्हतं.

जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्यांचं पीठ. पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मी वाटी पुन्हा पुढे केली, तशी शिवकांताबाई म्हणाल्या, "ही पुण्याची बाई खाती बरं का, महानंदे."

"बगायले मी, आक्का," महानंदाबाई म्हणाल्या. "तुमाला न्हाई दिसत, मला दिसतंय."

दोघींना पडद्यातल्या बाईची गोष्ट सांगून मोजायला बसलो तेव्हा खरी मजा आली. डोक्यावरचा पदर काढायला शिवकांताबाई तयार होईनात. अखेर मी राजेंद्रला गच्चीवर पाठवलं. छातीची जाडी मोजायला चिमटा लावला तर तो गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर अडकला.

"हे जरा बाजूला..."

"ते निघत न्हाई, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "जल्मल्यापासून हाय. गेल्यावर बी हायच."

मग मी त्याच्यासकट माप घेतलं. संगणकातल्या म्हातारीच्या अंगावर देव धरायला जागा कुठे आहे, ते राजेंद्रनंच बघावं.

दुपारी कुकर काढला. राजेंद्र कॅमेरा घेऊन उभा राहिला. झाकणावरची खूण भांड्याच्या खुणेशी जुळवायची, दाबायचं आणि दांड्यावर दांडा येईपर्यंत फिरवायचं. पहिल्यांदा शिवकांताबाई. जोर भरपूर, पण खूण सापडेना. त्यांनी झाकण चहूबाजूंनी फिरवून बघितलं, चुकीच्या जागी बसवलं आणि असं दाबलं की मला वाटलं भांडंच वाकतंय. लागलं नाही. मग महानंदाबाई. खूण झटकन जुळवली. दांड्याला हात घातला, ओठ आवळले, आणि बोटं निसटली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा मीच नको म्हटलं. त्या हात पदराखाली घेऊन बसल्या.

राजेंद्रनं कॅमेरा खाली घेतला. "बघितलंत ना, मॅडम?" आवाज चढलेला नव्हता, उलट पडला होता. "हेच म्हणत होतो मी. यांना इथं एकट्या ठेवून कसं चालायचं?"

मला ओशाळल्यासारखं झालं. मी कुकर तपासायला आले होते आणि या घरात नापास कुकर झाला नव्हता, त्या दोघी झाल्या होत्या. महानंदाबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. शिवकांताबाई भिंतीला हात लावत त्यांच्यामागे गेल्या.

थोड्या वेळानं आतून कुकरची शिट्टी झाली.

राजेंद्रनं माझ्याकडे बघितलं, मी बाहेरच्या खोलीतल्या आमच्या कुकरकडे. तो जागच्या जागी होता. मी आत गेले. शेगडीवर त्यांचा जुना कुकर फुसफुसत होता. त्याचं झाकण तर आमच्यापेक्षाही घट्ट बसणारं.

"हे कुणी लावलं?"

"कुनी म्हंजी?" शिवकांताबाईंना प्रश्नच कळला नाही. "आमीच की."

"पण आत्ता तर..."

"आत्ता तुमी एकेकीला लावाया सांगितलंत," महानंदाबाई म्हणाल्या.

मी त्यांना विनवून गॅस बंद करायला लावला. वाफ गेल्यावर झाकण काढायला आणि पुन्हा लावायला सांगितलं. राजेंद्र दारात येऊन उभा राहिला होता. महानंदाबाईंनी झाकण दोन्ही तळव्यांत धरून भांड्यावर टेकवलं, खूण खुणेवर आणली आणि म्हणाल्या, "हं." शिवकांताबाईंचे दोन्ही हात त्यांच्या हातांच्या बाजूनं आत आले. एकीनं दाबलं, दुसरीनं "जरा इकडं... आजून... बास" म्हटलं. झाकण बसलं. शिवकांताबाईंनी हात काढले आणि लसूण सोलायला घेतला. गोळ्यांच्या पाकिटातून गोळी काढणं, डोळ्यांत थेंब घालणं, वैजनाथाच्या पायऱ्या चढणं, सगळं असंच चालत होतं. त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

"राजू," महानंदाबाईंनी विचारलं, "तुज्या त्या पडद्यातल्या बाईला जाऊ न्हाई का रे?"

राजेंद्र हसला, पण लगेच गंभीर झाला. "आई, पुण्यात मी आहे. तुझी सून आहे. झाकण आम्ही लावू."

"आन् मी काय करू?"

"आराम कर. खूप केलंस."

शिवकांताबाईंनी लसूण खाली ठेवला. "जा की गं तू. लेक न्यायलाय मायेनं, आन् ही नाक मुरडायली. माजी फिकीर नगं. माजी लेक हाय उदगीरला."

"तिची शाळा सकाळची," महानंदाबाई उसळल्या. "ती गेली की तुमच्या डोळ्यात थेंब कोन घालील? शेजारीन?"

"घालीन मी माजं!"

"मागं घातलतं तसं? गालावर?"

"लई बोलायलीस तू."

"तुमी बोलाया लावता. मला जायचं न्हाई म्हून सांगायचं तर तुमीच पयल्यांदा हो म्हनलात. मंग मी काय म्हनू?"

"तुजा लेक हाय म्हून हो म्हनले! मी तुज्या आड येऊ व्हय?"

त्या तावातावानं उठल्या आणि बाहेर निघाल्या. स्वयंपाकघराचा उंबरठा उंच होता आणि त्या सरळ त्याच्यावर चालल्या होत्या. महानंदाबाईंनी बोलता बोलताच हात पुढे केला, कोपराखाली. शिवकांताबाईंनी न बघता तो धरला, पाय उचलला, उंबरठा ओलांडला. भांडण चालूच होतं. "कायम तुमचंच खरं," एक म्हणत होती. "सोड माजा हात," दुसरी म्हणत होती, आणि हात तिनंच घट्ट धरलेला होता.

राजेंद्र त्यांना वाट द्यायला भिंतीला टेकला होता. दोघी पुढे गेल्या तरी तो तसाच उभा राहिला.

संध्याकाळी आम्ही देवळात गेलो. दिवे लागले होते, बेलाचा वास येत होता. पायऱ्या चढताना तो आईचा हात धरायला गेला, तर तिच्या दोन्ही बाजू भरलेल्या: एका हातात पूजेची पिशवी, दुसऱ्या हाताशी जाऊ. तो मागे राहिला आणि माझ्याबरोबर सावकाश चढू लागला. "मॅडम," तो मध्येच म्हणाला, "मला वाटत होतं मी आईला आधार द्यायला नेतोय."

सकाळी गच्चीवर आई राख झाडत होती, मोठीआई पाण्याची बादली घेऊन मागे. तो त्यांच्यासमोर उभा राहिला. "तुमी दोघी हितंच राहा," तो म्हणाला. या वेळी त्याची बोलीही घरची झाली होती.

महानंदाबाईंनी झाडू थांबवला. "रागानं म्हनायलास?"

"न्हाई. पर मला तिकडं घोर लागंल, आई. ते बी सांगतो."

"लागू दे," त्या म्हणाल्या. "तुजा बाप पुन्याला माल आनाया गेलता तवा मला बी लागायचा." मग जवळ येऊन त्यांनी त्या वाकड्या बोटांनी त्याच्या गालावरून हात फिरवला. गालाला राख लागली. शिवकांताबाई पाठ करून बादली ओतत होत्या, बराच वेळ ओतत होत्या. बादलीत पाणी राहिलं नव्हतं.

निघताना दोघींनी मला धपाट्यांची पुडी दिली, दही वेगळं. राजेंद्रनं खालच्या एसटीडी बूथवाल्याला पुण्यातला आपला घरचा आणि ऑफिसचा नंबर लिहून दिला आणि दर रविवारी दोघींना फोन लावून द्यायला बजावलं. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीतून मागे बघत होता. त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवलं नाही.

पुण्यात परत

परत आल्यावर राजेंद्रनं पडद्यावर दोन बायका उभ्या करायचा ध्यास घेतला. प्रणालीला ते मंजूर नव्हतं. दुसरी बाई आणली की ती पहिलीच्या अंगातच उभी राही, एकीचा हात दुसरीच्या हातातून आरपार जाई. त्यानं शिवकांताबाईंचे हात आणि महानंदाबाईंची बोटं वेगवेगळी बसवली, त्यासाठी कित्येक दिवस घालवले. शेवटी एका दुपारी दोघी कुकरच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. बाजूला नुसते आकडे होते, चेहरे नव्हते, तरी मी त्यांना ओळखलं.

साहेबांनी बघितलं आणि डोकं खाजवलं. "अहो, कुकर एक, गिऱ्हाईक एक. या दोन कशाला?"

"सर, आमच्याकडे दोन असतात," राजेंद्र म्हणाला.

साहेबांना ते सगळं पटलं असं नाही. पण आमच्या मागणीपैकी दोन गोष्टी मान्य झाल्या. झाकणाची खूण नुसती रंगवलेली होती, ती बोटाला लागेल अशी उठावाची झाली. दांडा लांब आणि जाड झाला, म्हणजे चार हातही मावतील आणि एकट्या माणसाला कमी जोर लागेल. पहिल्या खेपेतला एक कुकर आम्ही परळीला पाठवला.

दिवाळीच्या आसपास ऑफिसात फोन आला. राजेंद्र बाहेर गेला होता, म्हणून मी घेतला. महानंदाबाई होत्या, एसटीडी बूथवरून. आधी माझी, मग माझ्या आईची तब्येत विचारली. मग कुकर लई झकास हाय म्हणाल्या.

"झाकण लागतं का नीट?" मी विचारलं.

मग आवाज एकदम खाली आला.

"बाई, खरं सांगू? मला एकटीला बी लागतंय आता. त्या दिवशी आक्का आंगोळीला बसलत्या, तवा लावून बगितलं. पयल्या दमातच लागलं."

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. "वा! आणि त्या काय म्हणाल्या?"

"आक्काला मी सांगितलं न्हाई आजून."

"सांगाल?"

"बगू," त्या म्हणाल्या. मग तोंड रिसीव्हरपासून दूर गेलं आणि मोठ्यानं हाक ऐकू आली: "आले आक्का! तितंच थांबा, एकटीनं उतरू नका!" आणि फोन ठेवल्याचा आवाज झाला.